चोरलेल्या राजासह सातारा ते आटपाडी

सातारा

सातारा ते आटपाडी हा रस्ता कुणी हौसेने पाहायला निघत नाही. मीही हौसेने निघालो नव्हतो. माझ्याबरोबर पत्र्याची एक ट्रंक होती, ट्रंकेत हजारभर ओळींचा एक गुन्हा होता आणि गाडी चालवायला मेहुणा होता. अशा अवस्थेत माणूस निसर्ग बघत नाही. तरी तीन दिवसांत जे दिसलं, जे खाल्लं आणि जे ऐकून घ्यावं लागलं, ते घरी परत आल्यावर लिहून काढतो आहे. वय पंच्याहत्तर आहे, आता लपवण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

आधी गुन्हा सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

तरुणपणी मी माधवनगरच्या एका कापड गिरणीत संगणक विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि संगणक. सांगलीत बुद्धिबळाचं वेड तेव्हाही होतं. तिथल्या एका मंडळाने त्या काळात बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमांची स्पर्धा सुरू केली. खेळायचं संगणकाने, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पडद्यावर येईल ती चाल पटावर करायची, मध्ये स्वतःची अक्कल घालायची नाही. आम्ही सहा-सात जण होतो आणि प्रत्येक जण आपला प्रोग्रॅम उपवर मुलीसारखा जपायचा. मिरजेचे एक गृहस्थ तर पडद्यावर टॉवेल टाकून बसायचे आणि चाल बघण्यापुरता तो वर करायचे.

अपवाद एकच. आटपाडीचे हणमंत मेटकरी. शाळेत गणित शिकवायचे, घरी मेंढरं होती. आपल्या प्रोग्रॅमचं नाव त्यांनी 'खिलार' ठेवलं होतं, त्यांच्या भागातल्या बैलांवरून. त्याच्या सगळ्या ओळी छापून त्यांनी शाळेच्या भिंतीला चिकटवल्या होत्या. मागेल त्याला प्रत द्यायचे आणि म्हणायचे, "घिऊन जावा. चूक घावली तर तेवढी कळवा." मला त्यांनी आख्खा गठ्ठा सुतळीने बांधून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला होता. मी तो सोडला, त्यात चार गोष्टी वाढवल्या, जिथे जिथे त्यांचं नाव होतं तिथून ते काढलं, प्रोग्रॅमचं नाव 'सेनापती' ठेवलं आणि सगळं ट्रंकेत घालून दोन कुलपं लावली.

आता खरी गोष्ट. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात राजाला, शह बसलेला नसेल तर, आख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. हणमंतरावांनी खिलार आधी त्याच खेळासाठी लिहिलं होतं, कारण आटपाडीत पारावर तसंच खेळायचे. स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांची म्हणून त्यांनी ही उडी नंतर काढून टाकली. एका ठिकाणी ती राहून गेली.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सकाळी खिलार जिंकत आलं होतं. त्याचं एक प्यादं शेवटच्या घरात जाऊन वजीर झालं आणि पुढच्याच चालीला पडद्यावर आलं, की राजाने उडी मारावी. दुसरा कुणी असता तर त्याने गुपचूप वेगळी चाल केली असती. हणमंतराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पंच, आमचा राजा उडाला. आमी हरलो." सगळं सभागृह हसलं. त्या दिवसापासून त्यांचं नाव 'उडता राजा' पडलं.

मी शेजारच्या टेबलावर होतो. मी हसलो नाही, कारण तोच राजा माझ्याही यंत्रात बसला होता. जेवणाच्या सुट्टीत मी जेवलो नाही. वीस मिनिटांत चूक सापडली. मूळ ओळीला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून मी पुढे एक पहारेकरी ओळ टाकली आणि उडी बंद केली. बाहेर आलो तर चहाच्या टेबलापाशी हणमंतराव.

"वसंतराव, तुमी हुशार मानूस. सांगा की, कुठं गफलत झाली आसंल?"

मी म्हणालो, "दुसऱ्याच्या प्रोग्रॅमातलं मी काय सांगणार?"

स्पर्धा मी जिंकलो. पुढची दोन वर्षंही मीच. सेनापतीचा राजा भित्र्यासारखा आडोशाला जात नाही, पटाच्या मधोमध छाती काढून उभा राहतो, असं पेपरात छापून आलं. हणमंतराव त्यानंतर स्पर्धेला आले नाहीत.

गेल्या महिन्यात सांगलीहून मुलाणी मॅडमचा फोन आला. त्या तिथल्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतात. त्याच मंडळाच्या सभागृहात जुन्या प्रोग्रॅमांचं प्रदर्शन भरवत होत्या. "सर, सेनापतीचे कागद द्या. आम्ही ते सगळ्यांसाठी खुले ठेवणार आहोत. आणि तुमचा सत्कारही आहे."

मी हो म्हणालो. दोन दिवस झोप नव्हती, मग ठरवलं की सत्काराच्या वेळीच खरं सांगून टाकायचं. हणमंतरावांच्या तोंडासमोर जायची माझी तयारी नव्हती, हेही सांगून ठेवतो. शंभर अनोळखी माणसांसमोर चोर ठरणं मला सोपं वाटत होतं.

ट्रंक काढली. तिच्यावर सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, इतकी वर्षं पापडाचे डबे ठेवले होते. किल्ल्या मी एवढ्या गुप्त जागी ठेवल्या होत्या की त्या मलाही सापडल्या नाहीत. सुमन म्हणाली, "राहू द्या, दादा येतोय ना गाडी घेऊन. तो उघडेल." आणि कंदी पेढ्यांचे दोन पुडे ट्रंकेवर ठेवून तिने विषय संपवला. ट्रंकेत काय आहे ते तिने तेव्हा पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं, कुणाची तरी पत्रं असतील." तिच्या आवाजात थोडी निराशा होती असं मला वाटलं.

उंब्रज

मेहुणे सुभेदार तात्या, म्हणजे सुमनचे दादा, उंब्रजचे. अठ्ठावीस वर्षं फौजेत होते, आता ऊस बघतात. साताऱ्यातून निघाल्यावर मी त्यांना सगळी हकिकत सांगितली आणि बजावलं, की रविवारच्या सत्कारापर्यंत हे कुठे बोलायचं नाही.

"दाजी," तात्या म्हणाले, "सीक्रेट म्हंजी काय ते फौजीला शिकवू नका. आमच्या पोटातलं व्हटावर येत न्हाई."

उंब्रजला त्यांच्याकडे मुक्काम केला. मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. साताऱ्यात आम्ही जेवणाला 'चला बसू या' म्हणतो. उंब्रजला म्हणतात, "उठू नका." पाचवी भाकरी ताटात पडली तेव्हा या दोन वाक्यांतला फरक माझ्या लक्षात आला.

सकाळी हायवेच्या कडेला चहाला थांबलो. टपरीवाल्याने माझ्यापुढे कप ठेवला, मला नीट न्याहाळलं आणि अदबीने विचारलं, "पावणं, तुमीच का त्ये राजा चोरल्यालं?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या गाडीचं टायर बघत होते.

"मी त्याला कुनाला सांगू नको म्हनलं हुतं," गाडीत बसल्यावर ते म्हणाले.

"तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुनाला न्हाई. ह्यो टपरीवाला, सोसायटीचा चेअरमन, आन् डिझेल भरताना त्यो पंपावरचा. तिघंबी आपलीच मान्सं हैत." थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "पंपावरच्यानं इचारलं, राजा सोन्याचा हाय का चांदीचा. मी म्हनलं, कागदाचा हाय. तवा त्याचा इंटरेस्टच गेला."

माझी अर्धी भीती तिथेच कमी झाली, हे कबूल करतो. जे मी एवढी वर्षं दोन कुलपांत ठेवलं, त्याची डिझेल पंपावरची किंमत एवढीच होती.

माधवनगर

कराड, पेठनाका आणि आष्टा मागे टाकून आम्ही माधवनगरला पोचलो. गिरणी कधीच बंद पडली. जिथे भोंग्याने गाव उठायचं, तिथे आता कुणाला उठायची घाई दिसली नाही. मला माझी खोली कुठे होती तेही सांगता येईना.

ट्रंक उघडायला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात नेली. मालक खिडक्यांचे गज कापत होता. त्याने कुलपं पाहिली.

"आत काय हाय?"

"कागद," मी म्हणालो.

"कागदाला दोन कुलपं?"

"देशाचं काम हाय," तात्या म्हणाले. दुकानातल्या माणसांनी हातातली कामं खाली ठेवली.

कटर सुरू झाला तशा ठिणग्या उडाल्या. मी ओरडलो, की कागद पेटतील. मालक म्हणाला, "मग पानी टाकत टाकत कापू." मी त्याहून मोठ्याने ओरडलो. शेवटी तात्यांनी एक हातोडी उचलली, बिजागरीवर मोजून तीन घाव घातले आणि ट्रंक मागच्या बाजूने उघडली. कुलपं दोन्ही जागच्या जागी शाबूत राहिली. आत पिवळे कागद, कडेला भोकं असलेले, एकाला एक जोडून घडी घातलेले. बघ्यांचा विरस झाला. एक जण म्हणाला, "ह्याला रद्दीवालाबी घेनार न्हाई."

तेवढ्यात मुलाणी मॅडम स्कूटरवरून आल्या. ठरलं तसं त्या कागद न्यायला आल्या होत्या. लोखंडी टेबलावर गठ्ठा पसरून एकेका पानाचा फोटो घेऊ लागल्या. विद्यार्थी आजच्या आज वाटून घेऊन टाइप करणार आणि उद्या सेनापती लॅपटॉपवर खेळणार, असं म्हणाल्या. मी नुसता पाहत होतो. मधल्याच एका पानावर त्या थांबल्या. प्रोग्रॅमात ओळींच्या अधेमधे माणसाने स्वतःसाठी टिपा लिहून ठेवायची पद्धत असते, संगणक त्या वाचत नाही. अशीच एक टीप त्यांनी मोठ्याने वाचली.

"'घोड्याचं काम झालं. आता मेंढरं पाजाय जातो. पुढचं उद्या.' सर, तुमच्याकडे मेंढरं होती?"

मी हणमंतरावांचं नाव जिथे जिथे होतं तिथून काढलं होतं. मेंढरांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

फॅब्रिकेशनच्या दुकानात, बारा माणसांसमोर, मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेटकरी सरांना मी आमंत्रण दिलं होतं. खिलार तर आमच्याकडे चार ठिकाणांहून आलंय, त्याच्या प्रती सगळीकडे आहेत. पण ते येणार नाहीत. म्हणाले, आमचा राजा उडतो, परत हसवायला कशाला बोलावता?"

उरलेल्या पानांचे फोटो त्यांनी घेतले आणि मी गठ्ठा घडी घालून माझ्या पिशवीत भरला.

"सर, उद्या तुम्ही स्टेजवर बोलाल, लोक टाळ्या वाजवतील. कबूल करणाऱ्याला लोक नेहमी टाळ्या देतात. मेटकरी सरांना कोण सांगणार?"

तात्यांनी गाडीचं दार उघडलं. "दाजी, बसा. आटपाडी."

आटपाडी

तासगावपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षं. त्यापुढे रस्ता चढत जातो आणि हिरवा रंग मागे राहतो. बाभळी, माळ आणि मध्येच कालव्याच्या पाण्यावर उभी राहिलेली डाळिंबाची बाग. मी या भागात यापूर्वी आलो नव्हतो. ज्या माणसाच्या डोक्याच्या जोरावर मी तीन वर्षं स्पर्धा जिंकलो, त्याचं गावसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

आटपाडीत तात्यांनी एका मोटारसायकलवाल्याला मेटकरी गुरुजींचं घर विचारलं. विचारायला एक मिनिट लागतं. तात्या चार मिनिटं बोलत होते. मोटारसायकलवाला म्हणाला, "चला, म्होरं हुतो," आणि वाटेत आणखी दोघांना हात करून बरोबर घेतलं. घरापाशी पोचलो तेव्हा आमच्यामागे पाच गाड्या होत्या. वरातीला एवढ्या असतात.

हणमंतराव अंगणात फवारणीचा पंप धूत बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात बंडी. वयाने माझ्याएवढेच, तब्येतीने दहा वर्षांनी लहान.

"वसंतराव," त्यांनी लगेच ओळखलं. "आवं, या की. बसा. आन् ही एवढी मान्सं कशापायी?"

"आमी नुसतं ऐकाय आलोय गुरुजी," मोटारसायकलवाला म्हणाला.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. प्रोग्रॅम तुमचाच होता. नाव मी काढलं. तुमचा राजा उडाला त्या दिवशी चूक मला जेवणाच्या सुट्टीत सापडली होती, आणि तुम्ही विचारल्यावर मी सांगितली नाही.

त्यांनी पंप खाली ठेवला. हात पुसले. मग म्हणाले.

"प्रोग्रॅम नेला त्याचं काय न्हाई. त्यो न्यायलाच दिला हुता. नाव काढलं, त्येबी ऱ्हाऊ द्या, माझ्या नावानं काय त्यो जास्त पळनार न्हवता. पर चूक घावली तर कळवा म्हनलं हुतं. एवढं एकच मागितलं हुतं मी."

"हो."

"मी चार वर्सं ती चूक हुडीकली, वसंतराव. चार वर्सं. शाळा सुटली की हेच. पोरं म्हनायची, गुरुजी, उडी मारा. मग मी लिवायचंच सोडलं. वाटलं, आपलं डोस्कंच ह्या कामाचं न्हाई."

मी पिशवीतून कागद काढून पुढे केले. "ओळ दाखवतो. आत्ता."

"हितं न्हाई." त्यांनी कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी कुठं इचारलं हुतं? सांगलीला. चार मान्सांत इचारलं हुतं. तितंच सांगा."

"मग उद्या चला आमच्याबरोबर."

"तुमच्या गाडीत न्हाई. आलो तर येष्टीनं यीन. न आलो तर समजून घ्या."

मी निघायला वळलो तर आतून वहिनी बाहेर आल्या. हातात पितळ्या. "भांडान झालं आसंल तर माडगं घ्या," त्या म्हणाल्या. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम, गूळ घातलेलं. आमच्याकडे रागावलेल्या घरात पाहुण्याला पाणीही मिळत नाही. इथे पाचही गाड्यांवरच्या माणसांना माडगं मिळालं. हणमंतराव माझ्याशेजारी बसून, पण तोंड पलीकडे करून प्याले. तात्या मात्र दोन पितळ्या पिऊन म्हणाले, "गुरुजी, दाजी मानूस वाईट न्हाई."

"मी कवा वाईट म्हनलं?" हणमंतराव म्हणाले. "पर चांगला बी म्हनलो न्हाई."

कंदी पेढ्यांचा पुडा मी ओट्यावर ठेवला होता. गाडी सुरू झाल्यावर मागे पाहिलं तर मोटारसायकलवाले तो फोडत होते.

सांगली

रविवारी सभागृह भरलं होतं. त्या सभागृहाचा रंग बदलला आहे, पंखे तेच आहेत. दारात भडंग आणि चहा. भिंतीवर आमच्या जुन्या प्रोग्रॅमांचे कागद, कुणीही हात लावून वाचावेत असे टांगलेले. खिलारचे कागद चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या दुरुस्त्यांसह होते. इचलकरंजीच्या कुणी सुचवलेली दुरुस्ती, जतच्या कुणी केलेली. सेनापतीच्या कागदांवर माझ्याशिवाय कुणाचीही रेघ नव्हती.

मी दरवाजाकडे बघत होतो. आटपाडीची एसटी आली असणार. हणमंतराव नव्हते.

सत्काराचा नारळ घेण्याआधी मी माईक मागितला आणि सगळं सांगितलं. नावासकट, मेंढरांसकट, चहाच्या टेबलासकट. मॅडम म्हणाल्या होत्या तशा टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांमध्ये मागून आवाज आला.

"वसंतराव."

हणमंतराव दरवाजात उभे होते. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी.

"तुमी हुशार मानूस. सांगा की, कुठं गफलत झाली हुती?"

टाळ्या थांबल्या. मी म्हणालो, "ओळ सहाशे चाळीस. प्यादं वजीर झालं की तुमचा प्रोग्रॅम नवा डाव सुरू झाला असं समजायचा. राजाला उडीची परवानगी परत मिळायची."

ते भिंतीकडे गेले, चष्मा लावला, खिलारचं पान शोधलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तसेच उभे राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "आरं तिच्यायला. हितं व्हय?" आणि पुन्हा, "हितं!" चार वर्षं शोधलेली वस्तू शेजारच्या खिशात निघावी तसा तो आवाज होता.

"आन् तुमी काय दुरुस्ती केलीसा?"

"राजा एका चालीत दोन घरं सरकला की ती चाल बाद करायची, अशी एक ओळ शेवटी टाकली. उडीत दोन घरं सरकावी लागतातच."

हणमंतराव वळले. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"दोन घरं सरकला की बाद?"

"हो."

"मग किल्लेकोट कसा करायचा वो त्यानं?"

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. किल्लेकोट म्हणजे डावाच्या सुरुवातीला राजा दोन घरं सरकून हत्तीच्या आड सुरक्षित जाऊन बसतो. पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट. माझ्या पहारेकऱ्याने उडीबरोबर तीही बंद करून टाकली होती. सेनापतीचा राजा छाती काढून मधोमध उभा राहायचा, कारण त्याला घरात जायलाच बंदी होती. मला हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. माझे कागद कुणी पाहिलेच नव्हते, मग सांगणार कोण?

मुलाणी मॅडमनी तिथल्या तिथे लॅपटॉपवर सेनापतीला किल्लेकोट करायला सांगितला. त्याने ठाम नकार दिला. सभागृह असं हसलं की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. या वेळी माझ्यावर, आणि अगदी योग्य माणसावर.

पुढच्या रांगेत दिनकर मास्तर उठले. वय नव्वदीच्या जवळ. सांगलीतल्या तीन पिढ्यांना त्यांनी बुद्धिबळ शिकवलं आहे. काठी आपटत म्हणाले, "वसंता, अरे तुझ्या त्या राजावर मी लेख लिहिला होता! निर्भय राजा म्हणून! त्यानंतर वीस वर्षं मी मुलांना शिकवलं, किल्लेकोट भित्र्या लोकांचा!"

"आणि मुलं?" मॅडमनी विचारलं.

"हरली! सगळी हरली! मला वाटायचं, मुलांतच दम नाही!"

हणमंतराव खुर्चीवर बसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. तात्यांनी पाणी दिलं. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्यांनी हाताने थांबवलं. सेनापतीचा गठ्ठा त्यांनी भिंतीवरून काढायला लावला, पिशवीत घातला.

"ह्यो मी घिऊन जातो. एका ओळीत एवढी मोठी चूक हाय, तर आत लय आसत्याल. मॅडम, तुमच्याकडं फोटो हैत न्हवं?"

"आहेत सर."

"मग झालं तर." आणि ते एसटी स्टँडकडे निघाले. तात्यांची गाडी दारात उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. साताऱ्याला परतल्यावर चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही.

"ओळ अठ्ठावन्न. लिवा."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात वाजता, ओळ त्र्याण्णव. तेव्हापासून रोज एक चूक. कधी माझी, कधी त्यांची स्वतःची. स्वतःची असली की आवाज जास्त खूष असतो. मी दुरुस्ती करून मॅडमना पाठवतो, त्या ती सगळ्यांसाठी खुली ठेवतात, खाली दोघांची नावं. सुमन म्हणते, एवढ्या सकाळी एवढ्या आनंदाने तुम्ही माझ्या हाकेला कधी ओ दिली नव्हती.

काल सात वाजले, सव्वासात वाजले, आठ वाजले. फोन नाही. मी वही उघडून बसलो होतो. साडेआठला मात्र राहवेना, मीच लावला.

"हणमंतराव, आज काय झालं? बरं आहे ना?"

"आवं, डाळिंबाला फवारनी चाललीया," ते म्हणाले. मागे पंपाचा आवाज येत होता. "धरा जरा. हां. ओळ तीनशे अकरा. लिवा."